सातमीच्या दिवशी उकळलेलं पाणी

काय काम करतेस असं कोणी विचारलं, तर मी "मुलं सांभाळते" एवढंच सांगते. खरं काम थोडं वेगळं आहे. ज्या मुलांना स्वतःला खोकता येत नाही, त्यांच्या घशातला कफ मी काढते. हे ऐकलं की लोक तोंड वाकडं करतात आणि मग पुढे काय बोलावं ते मला सुचत नाही. बोलणं मला लहानपणापासून जड जातं. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर वाचता येण्यासारखं आहे.

लग्न करून धुळ्याकडून सुरतेला उधन्यात आले. मालक तिथे कापडाच्या लूमवर होते. मी एका मुलांच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. लादी पुसायची, चादरी बदलायच्या. तिथल्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला हिंदी धड येत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळं हाताला धरून शिकवलं. पाठीवर कसं थोपटायचं, हाताची ओंजळ कशी करायची, नळी किती आत घालायची आणि कुठे थांबायचं. पुढे त्यांनीच मला एका घरी पाठवलं, आणि तेव्हापासून मी घरोघरीच काम करत आले.

या मुलांचा आजार जन्माबरोबर येतो. आईबाप दोघंही धडधाकट असतात. दोघांच्या अंगात काहीतरी झाकलेलं असतं आणि ते लेकरात एकत्र येतं. मग स्नायूंना जोर देणाऱ्या नसा हळूहळू सुकत जातात. डोकं लख्ख असतं. पोर गोष्टी सांगतं, पाढे म्हणतं, रुसतं. पण मान धरत नाही, घास नीट गिळता येत नाही आणि खोकला येत नाही. आपल्याला खोकल्याचा त्रास वाटतो. या मुलांकडे पाहिलं की कळतं, खोकला हा घरचा राखणदार आहे. तो नसला की साधी सर्दी सरळ छातीत उतरते आणि तिथेच मुक्काम करते.

म्हणून माझं निम्मं काम सर्दीला दारातच अडवायचं. घरातल्या प्रत्येकाने साथीच्या तापाचं इंजेक्शन घेतलेलं असावं, आलेल्याने साबणाने हात धुवावेत, नाक वाहणाऱ्याने खोलीत येऊ नये. मुलाचे दात दोन्ही वेळा घासायचे, कारण तोंडातली घाणच पुढे छातीत जाते. भरवताना बसवून भरवायचं. आणि नळी, कफ ओढायच्या मशीनची बरणी, वाफेचा मास्क हे सगळं उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं. पावसाळ्यात सुरतेच्या नळाला जे पाणी येतं ते मी अशा मुलाच्या जवळसुद्धा नेत नाही.

सांगायला हे सोपं आहे. करताना माझी जीभ लुळी पडते. पहिल्या घरी, लिंबायतला, पोराचा बाप लूमवरून आला की अंगावर सुताचं सगळं रोवं घेऊन तसाच पोराला उचलायचा. त्या माणसाला मी काय बोलणार? मी दाराशी बादली, साबण आणि त्याचा धुतलेला शर्ट ठेवायला लागले. रोज ठेवायची. तो आधी हसला, "बाई, मी पाहुणा आहे का?" मग एक दिवस गुपचूप हात धुऊन आत आला. तेव्हापासून माझी तीच रीत झाली, सांगायचं नाही, ठेवायचं. तो मुलगा एका थंडीत गेला. कोणाचं काही चुकलं नव्हतं. साधी सर्दी होती. त्या घरातून बाहेर पडल्यापासून कोणी शिंकलं की मी पदर नाकाला लावते. रिक्षात, बाजारात, कुठेही.

त्यानंतर हेत्वी. कतारगामला काठियावाडकडच्या एका कुटुंबात मी तिला सांभाळते. वडील हिऱ्याच्या कारखान्यात आहेत. आई दक्षाभाभी. आणि घरात सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या बा, म्हणजे हेत्वीची आजी. माझ्या सुनेला बाळ झालं तेव्हा बांनी स्वतः शिवलेली झबली पाठवली होती. पण समोर आले की टोमणा ठरलेला, "आली बघा साबणवाली. सुमन, तू देवाच्या दारात गेलीस तर देवाला पण हात धुवायला लावशील."

हेत्वी मला माशी म्हणते, त्यांच्यात मावशीला तसंच म्हणतात. ती लगेच बारीक आवाजात म्हणायची, "देवाचे हात किती असतात, माशी? सगळे धुवायचे?"

जन्माष्टमीच्या आदल्या दिवशी त्यांच्यात शीतळा सातम असते. तिच्या आदल्या दिवशी, षष्ठीलाच सगळं रांधून ठेवायचं, थेपले, वडे, गोडाधोडाचं. संध्याकाळी चूल, म्हणजे आता गॅसच, विझवायची, पुसायची, तिला कुंकू लावायचं, कापसाची माळ घालायची. सातमीला घरात काही पेटवायचं नाही. गार पाण्याने अंघोळ, गार जेवण. बा हेत्वीला दर वर्षी कथा सांगतात. त्या रात्री शीतळा माता घरोघर फिरते आणि गार चुलींत लोळून अंग निववते. एका घरी बाई दमून झोपली, चुलीत निखारे राहिले. माता भाजली. तिने शाप दिला, जसं माझं अंग जळलं तसं तुझं पोर जळो.

ही कथा ऐकताना मला हसू येत नाही. आमच्याकडे घरात कोणाला गोवर निघाला की आई फोडणी बंद करायची. तेलाचा चर्र आवाज देवीला सोसत नाही म्हणायची. मी तशाच घरात वाढले. मोठ्या सिस्टरांनी शिकवलेलं माझ्या हातात आहे आणि आईने शिकवलेलं पोटात आहे. दोन्ही एकमेकांना कधी भेटत नाहीत, म्हणून माझं चाललेलं असतं.

गेल्या वर्षी सातमीच्या आधी मी सगळी तयारी केली होती. हेत्वीला गार पाण्याने अंघोळ घालायची नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बांशी वाद घातला नाही. गच्चीवर उन्हात पातेलं ठेवलं. बांनी पाण्यात बोट घालून पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याला माता काही बोलणार नाही. हा तिच्याहून जुना आहे." पिण्याचं आणि नळ्या धुण्याचं पाणी मी आदल्या संध्याकाळी, चूल विझवायच्या आधी, उकळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरलं. डबा हेत्वीच्या खोलीत उंचावर ठेवला.

सातमीला सकाळी पोचले तेव्हा घर गार आणि शांत होतं. हेत्वीचे वडील पूजेसाठी गावी गेले होते. बा देवळातून नुकत्याच आल्या होत्या. हेत्वीच्या छातीत थोडी घरघर होती. रात्री वाफ देता आली नव्हती. मशीनमधली वाफ गार असते असं दक्षाभाभींनी परोपरीने सांगितलं, पण बा म्हणाल्या, नावच वाफ आहे ना, मग नको.

मी हात धुतले, तिला कुशीवर घेतलं आणि पाठ थोपटायला लागले. कफ सुटायला लागला तो घट्ट, दोऱ्यासारखा. नळी घातली. थोडा आला आणि नळी तुंबली. नळीतून पाणी ओढून घ्यायला मी डबा खाली काढला, झाकण उघडलं.

पाण्यावर लालसर तवंग तरंगत होता. खाली तांदळाचे दोन दाणे आणि कडुनिंबाचं एक पान.

तेवढ्यात बा मागून म्हणाल्या, "मातेच्या अंगावरचं पाणी आहे. मोठी रांग होती. एक लोटा आणला, सगळ्यांच्या डोळ्यांना लावला आणि उरलेलं हिच्या डब्यात घातलं. आत जाऊन माताच हिची छाती धुवेल."

बांचं तोंड इतकं आनंदी होतं. त्या गुडघे दुखत असताना रांगेत उभ्या राहिल्या होत्या. आणि माझ्या डोळ्यांपुढे शंभर बायका, शंभर हात, मूर्तीवरून खाली वाहून परातीत साठलेलं पाणी. ते नळीतून ओढलं तर नळी आत्ता मोकळी होईल. पण मग तीच नळी हेत्वीच्या घशात जाणार.

"भाभी," मी म्हटलं. मी डबा त्यांच्यापुढे धरला.

दक्षाभाभींनी आत पाहिलं आणि कपाळावर हात ठेवला. त्यांनी लगेच औषधाच्या दुकानात फोन लावला. सलाइनची बाटली मिळाली असती तरी भागलं असतं. एका दुकानाचा फोन कोणी उचलला नाही. दुसरा म्हणाला, भाभी, सातम-आठमला मी गावी आहे. स्टेशनकडे एखादं दुकान उघडं असेल, पण जाऊन येईपर्यंत हेत्वी थांबणार नव्हती. मी दुसरी कोरी नळी फोडली. तीही अर्ध्यात तुंबली. हेत्वीच्या नाकपुड्या फुलायला लागल्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती. ही मुलं घाबरली तरी ओरडत नाहीत, तेवढा वारा छातीत नसतो. डोळेच मोठे करतात.

"बा, पाणी उकळावं लागेल," दक्षाभाभी म्हणाल्या.

"आज चूल नाही पेटणार."

"चूल नको. विजेची किटली लावते. त्यात जाळ नसतो."

"माता जाळाने भाजत नाही, आचेने भाजते. किटलीला आच नाही? वेडी झालीस? या पोरीवर आधीच काय कमी आहे?"

"पोरीला श्वास घेता येत नाही, बा!"

"म्हणूनच सांगते! मातेला चिडवून तिला श्वास मिळेल?"

दोघी एकदम रडायला लागल्या. दोघींचंही म्हणणं एकच होतं, पोर मरेल. मी मध्ये बसून पाठ थोपटत होते आणि मलाही दोघींचं खरं वाटत होतं. गॅसवरचं ते कुंकू मला इथूनही दिसत होतं. त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते कसं निघालं ते मला आजही कळत नाही.

"बा, मी पेटवते. मी तुमच्या घरची नाही. लागलं तर मला लागेल."

बांनी रडणं थांबवलं. माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या घरी नातू आहे ना?"

मी मान हलवली.

"रांगतो?"

"नुकताच."

"मग बस खाली," बा म्हणाल्या. "मोठी आली पेटवणारी."

त्या उठल्या. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी चुलीवरची कापसाची माळ उचलून डोळ्यांना लावली आणि बाजूला ठेवली. कुंकू पदराने पुसलं. काडेपेटीची पहिली काडी विझली. दुसरी पेटली. मग त्या मोठ्याने, एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, "मा, हे मी करते आहे. सुनेने नाही, सुमनने नाही. माझं नाव कांता. नीट ऐकून ठेव. कांता."

इतकी वर्षं त्या घरात जाते, बांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

पाणी उकळलं. दक्षाभाभींनी ते वाट्यांत ओतून परातीतल्या गार पाण्यात धरलं, भराभर निवावं म्हणून. मी नळी धुतली, ओढली, धुतली, ओढली. तो घट्ट दोरा अखेर सुटून आला. हेत्वीच्या छातीतली घरघर मंद झाली, ओठांवर रंग आला. मी तिचं तोंड पुसलं तेव्हा तिने विचारलं, "माशी, आता माता कुठे लोळणार?"

बा दारात उभ्या होत्या.

हेत्वीनेच थोडा दम घेऊन सांगितलं, "फ्रिजमध्ये जा म्हणावं."

दक्षाभाभी रडता रडता हसल्या. बा हसल्या नाहीत. त्यांनी फडकं ओलं करून चुलीवर पसरलं, त्यावर दही ओतलं, आणि दिवसभर ते फडकं सुकू दिलं नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हाही त्या चुलीपाशी बसून हाताने वारा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी जन्माष्टमी. मी गेले, हेत्वी बरी होती. दिवसभर मांडीवर घेतलं, भरवलं. घरी आले तर नातू शिंकत होता. सकाळी अंग तापलेलं.

एकीकडे डोळ्यांपुढे गॅसचा जाळ. मीच म्हटलं होतं, लागलं तर मला लागेल. दुसरीकडे त्याहून थंड भीती, की काल मी हेत्वीला दिवसभर छातीशी धरलं होतं. शिंकायला लागण्याच्या आधीच सर्दी दुसऱ्याला लागते, हे मोठ्या सिस्टरांनी मला कधीचंच शिकवलेलं आहे. नातवाच्या अंगावरून माझ्या अंगावर, तिथून तिच्यावर आधीच गेली असेल तर?

सून म्हणाली, "आत्या, कितल्या भ्यातस तुम्ही! सर्दी शे ती नुसती."

नुसती सर्दी. तिला काय सांगू?

आमच्या कामाचा नियम साधा आहे. घरात ताप असला तर कामाला जायचं नाही आणि का जात नाही ते खरं सांगायचं. पण खरं सांगितलं की बांना तो मातेचाच कोप वाटेल, हे मला दिसत होतं. पोटदुखीचं निमित्त सांगावं असं मनात आलं. मग वाटलं, खरं कळलं तरच त्या हेत्वीकडे डोळ्यांत तेल घालून बघतील. मी फोन लावला.

"भाभी, मी काही दिवस येत नाही. नातवाला ताप आहे. हेत्वीच्या नाकाकडे, श्वासाकडे लक्ष ठेवा. जरा वेगळं वाटलं तर डॉक्टरांकडे न्या, माझी वाट बघू नका."

पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, बांनी ऐकलं होतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नातवाला मांडीवर घेऊन बसायचं आणि कान फोनकडे. आपण होऊन फोन करायचा धीर होत नव्हता. पलीकडून कोणी "सुमनबेन, हेत्वीला..." असं म्हणायला लागलं तर? आमच्या चाळीत त्या आठवड्यात घरटी एक पोर तापलेलं होतं. मी प्रत्येकाचा खोकला ऐकत होते आणि त्यातला कोणता कतारगामला पोचला असेल याचा हिशेब लावत होते.

एका दुपारी बाहेरून हाक आली, "सुमन!"

मी दारात आले. गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून बा उभ्या होत्या. हेत्वीचे वडील कोपऱ्यावर स्कूटरपाशी थांबले होते. बांनी नाकातोंडावर मास्क लावला होता आणि वरून पदर घट्ट गुंडाळला होता. नुसते डोळे दिसत होते. मी पायरी उतरायला लागले तशा त्या ओरडल्या, "तिथेच! पुढे येऊ नकोस. मला परत पोरीकडे जायचं आहे."

मधल्या गटाराच्या फरशीवर त्यांनी एक डबा ठेवला आणि मागे सरकल्या. "कुलेर आहे. बाजरीचं पीठ, तूप, गूळ. मातेला दाखवून आणलं. आधी मी गेले की मग उचल."

मी हो म्हटलं. मधून एक सायकल गेली.

"ताप किती आहे?" बांनी विचारलं.

"उतरतो आहे, बा."

"खरं सांग."

"रात्री होता. सकाळपासून नाही."

त्या भिंतीला जास्तच टेकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, पण गल्लीएवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे सगळ्या चाळीला ऐकू गेलं, "मी माझं नाव सांगितलं होतं, सुमन. तू ऐकलंस ना? तिनेच ऐकलं नाही का?"

मला रडू आलं. एरवी अशा वेळी मी गप्प राहिले असते. पण त्या इतक्या लांबून आल्या होत्या.

"बा, हे मातेचं नाही. शेजारच्या पोराला सर्दी होती. तो याला मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या आळीत सगळ्याच पोरांना ताप आहे. एकाचा दुसऱ्याला लागतो, तसाच लागला."

"त्या सगळ्यांच्या घरी चूल पेटली होती?"

"आमच्याकडे रोजच पेटते, बा. आमच्यात सातम नसते."

बांना पटलं की नाही ते डोळ्यांवरून कळेना. मग म्हणाल्या, "त्या पोराला सांग, शिंकताना तोंडावर रुमाल धर म्हणून."

आता माझी पाळी होती, आणि मला विचारताच येईना. तोंड उघडलं आणि नुसतं "हेत्वी..." एवढंच निघालं.

"नाक कोरडं आहे," बा म्हणाल्या. "मी सकाळ-संध्याकाळ बोट लावून बघते. हात धुऊन. श्वास साफ आहे. काल भांडण केलं माझ्याशी, माशीला का आणत नाही म्हणून. तू काही नेलं नाहीस तिच्याकडे."

मी पायरीवर खाली बसले.

"पण अजून काही दिवस जाऊ देत," मी म्हटलं. "सर्दी उशिरानेही निघते."

"माहीत आहे मला. मी काय बघत नाही?" बांनी पदर पुन्हा घट्ट केला आणि स्कूटरकडे वळल्या. चार पावलं गेल्या आणि मागे वळून हात उगारला. "आणि ऐक. पोर पूर्ण बरं झाल्याशिवाय आलीस, तर दारातूनच हाकलून देईन. उंबरा ओलांडू देणार नाही."

"नाही येत, बा."

"नाही येत म्हणे! तुला ओळखते मी," त्या म्हणाल्या आणि स्कूटरवर चढायला मुलाने हात पुढे केला, तो धरला नाही. आधी स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून हात साफ करायच्या औषधाची छोटी बाटली काढली, तळहातावर ओतली आणि मनगटापर्यंत चोळत उभ्या राहिल्या.